आधी नदी, मग रस्ता : बँकॉकची चिनी वस्ती कशी पाहावी

बँकॉकच्या चायनाटाउनमध्ये पहिल्यांदा जाल तेव्हा रात्री जाऊ नका. टूर कंपन्या नेमकं तेच करतात. रात्री आठच्या सुमाराला याओवारात रस्त्याच्या तोंडाशी माणसं उतरवायची, चिनी अक्षरांच्या झगमगत्या पाट्यांखाली फोटो काढायला अर्धा-पाऊण तास द्यायचा आणि पुन्हा बसमध्ये भरायचं. मंडळी घरी येऊन सांगतात, ‘गर्दी होती, वास होता, आपल्याला खाण्यासारखं काही नव्हतं.’ त्यात खोटं काही नाही. फक्त त्यांनी वस्तीतला त्या मानाने तरुण रस्ता पाहिलेला असतो, आणि तोही सगळ्यात गोंगाटाच्या वेळी.

वस्तीचं वय शहराइतकंच आहे. १७८२ साली पहिल्या राम राजाने राजधानी थोनबुरीहून नदीच्या पूर्व तीरावर हलवली. राजवाड्यासाठी त्याने जी जागा निवडली, तिथे चिनी व्यापारी आधीच राहत होते. त्यांतले बहुतेक दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरून आलेले, तेओचिव बोली बोलणारे. आधीचा राजा ताकसिन हा तेओचिव बापाचा मुलगा, त्यामुळे या लोकांचं बस्तान चांगलं बसलेलं होतं. नव्या राजाने त्यांना तटाबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला, दोन बौद्ध मंदिरांच्या मधली जमीन दिली. एका टोकाला वाट साम्फेंग, ज्याला आज वाट पथुम खोंगखा म्हणतात. दुसऱ्या टोकाला वाट साम प्लूम, म्हणजे आजचं वाट चक्रावात. (‘वाट’ म्हणजे मंदिर.) या दोहोंना जोडणारी पायवाट हीच साम्फेंग गल्ली. पुढे १८६०च्या दशकात चारोन क्रुंग हा शहरातला पहिला आधुनिक रस्ता आला. याओवारात त्याच्याही नंतरचा. जेमतेम दीड किलोमीटरचा हा रस्ता १८९२ ते १९०० अशी आठ वर्षं रखडत बांधला गेला. तो सरळ नाही, वळणं घेत जातो. स्थानिक लोक अभिमानाने म्हणतात, हा ड्रॅगन आहे. मला त्या वळणांत ड्रॅगनपेक्षा जागा सोडायला तयार नसलेले जमीनमालकच जास्त दिसतात.

भुयारी मेट्रो इथे पोचली ती थेट २०१९ मध्ये. म्हणजे वस्ती वाढली ती नदीकडून आत. पाहायचीही त्याच क्रमाने, आणि एका दिवसाच्या दोन फेऱ्यांत. सकाळी नदी आणि गल्ल्या, दुपारी चक्क हॉटेलवर जाऊन झोप, संध्याकाळी मोठा रस्ता. दुपारी बारा ते तीन या वेळात इथे चालणं म्हणजे स्वतःचा छळ आहे.

सकाळी साडेसातच्या आसपास सफान ताकसिन या स्कायट्रेन स्टेशनखालच्या साथोर्न धक्क्यावर या. तिथे पर्यटकांसाठीच्या निळ्या झेंड्याच्या बोटीची तिकिटं हौसेने विकली जातात. तुम्हाला हवी नारंगी झेंड्याची. तिचं तिकीट बरंच स्वस्त आणि बोटीत नोकरीला निघालेली माणसं. नदीच्या वरच्या दिशेने जाणारी बोट धरा आणि सी फ्राया धक्क्यावर उतरा. बोट धक्क्याला क्षणभरच टेकते, म्हणून आधीच मागच्या बाजूला जाऊन उभं राहा.

उतरल्यावर जवळच होली रोझरी चर्च दिसेल. चिनी वस्तीच्या दाराशी चर्च कसं? १७६७ साली ब्रह्मी फौजांनी तेव्हाची राजधानी अयुथया हिचा विध्वंस केला, तेव्हा तिथून विस्थापित झालेल्या पोर्तुगीज वंशाच्या कॅथलिकांतले काही इथे येऊन राहिले. आजची गॉथिक घाटाची इमारत १८९७ची. तिथून तालात नोय हा भाग सुरू होतो. इथली जुनी वस्ती मुख्यतः होक्कियन बोलणाऱ्यांची. म्हणजे ‘चिनी’ या एका शब्दाखाली निदान पाच बोली आणि पाच पंगती होत्या: तेओचिव, होक्कियन, हाक्का, हैनानी आणि कँटोनी. त्यांची देवळं वेगळी, धंदे वेगळे, आणि बराच काळ एकमेकांशी भांडणंही. हे लक्षात ठेवलंत की गल्लीगल्लीतला फरक आपोआप कळायला लागतो.

तालात नोयमध्ये नकाशा खिशात ठेवा. ही गल्ली संपली असं वाटतं तिथे ती कुणाच्या तरी ओसरीवरून पुढे जाते. जुन्या मोटारींची इंजिनं, गिअरबॉक्स, ॲक्सल यांचे काळे तेलकट ढीग दोन्ही बाजूंना छातीएवढे रचलेले असतात. सुट्या भागांचा हा बाजार ‘सियांग कोंग’ नावाने ओळखला जातो. इथे एक गंजलेली, टायर नसलेली जुनी फियाट उभी आहे. तिच्यापुढे फोटोसाठी रांग लागते. रांगेत उभं राहू नका, त्या वेळात नदीकाठचं चाव सू कोंग हे होक्कियनांचं देऊळ पाहून होतं. छपराच्या कण्यावरचे चिनी मातीच्या तुकड्यांचे ड्रॅगन आणि फुलं खालून नीट दिसतात.

याच भागात सो हेंग ताय वाडा आहे. मधला चौक, चारी बाजूंनी लाकडी माडी, वर चिनी छप्पर. एकाच होक्कियन कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या असलेला हा वाडा आहे, आणि चौकात चक्क पोहण्याचा खोल तलाव. घरातली मंडळी तिथे पाणबुडीचं, म्हणजे स्कूबाचं, शिक्षण देतात. काहींना हे विद्रूप वाटतं. मला वाटत नाही. वाडा उभा ठेवायला पैसे लागतात आणि ते कुठून तरी यावे लागतात. आत जाण्यासाठी एखादं पेय घ्यावं लागतं, ते घ्या आणि माडीवर शांत बसा. लोक तिथे राहतात हे मात्र विसरू नका. तालात नोयची घरं आता इतकी छायाचित्रित झाली आहेत की उघड्या दारातून कॅमेरा आत घालणाऱ्यांना रहिवासी कंटाळले आहेत.

उत्तरेकडे चालत राहिलात की वाट पथुम खोंगखा लागतं, म्हणजे १७८२च्या त्या जमिनीचं एक टोक. देऊळ थाई धाटणीचं आहे, बूट बाहेर काढायचे. राजघराण्यातल्या माणसाला मृत्युदंड देताना रक्त सांडायचं नाही असा सयामी दंडक होता, म्हणून चंदनाच्या दांड्याने मारत. १८४८ साली एका राजपुत्राला असाच दंड या देवळाच्या आवारात दिला गेला.

इथून साम्फेंग गल्ली सुरू होते. नकाशावर तिचं नाव सोय वानित १. गल्ली इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन दुकानांतल्या मालाला लागतील, आणि तिच्यातून मोटारसायकली आणि मालाने लादलेल्या हातगाड्या जातात. भुलेश्वरला खरेदी केलेल्या माणसाला इथे वेगळं शिकवायला नको. मागून हाक आली की वळून बघत बसायचं नाही, सरळ दुकानाच्या पायरीवर चढायचं. मण्यांच्या माळा, फिती, बटणं, केसांच्या पिना, खेळणी, मोबाइलची आवरणं, पिशव्या असा सगळा घाऊक माल. भावाच्या पाटीवर बहुतेक दोन आकडे असतात. एक सुट्या नगाचा, दुसरा तीन, सहा किंवा डझन घेतल्यास लागणारा. घासाघीस फारशी चालत नाही, पण तीन नग घेतलेत की भाव आपोआप उतरतो. लग्नाच्या किंवा मुंजीच्या वाटपासाठी काही घ्यायचं असेल तर मॉलपेक्षा इथे घ्या. एकच वस्तू हवी असेल तर दुकानदाराचा वेळ घेऊ नका, तो मनापासून वैतागतो.

या गल्लीतून ३ जून १९४६ रोजी तरुण राजा आनंद महिदोल आपल्या धाकट्या भावासह पायी चालत गेला होता. आदल्या वर्षी, महायुद्ध संपल्यावर लगेच, याच वस्तीत थाई आणि चिनी यांच्यात गोळीबारापर्यंत गेलेला दंगा झाला होता. राजाने दुकानांतून थांबत, बोलत केलेल्या त्या भेटीने तेढ बरीच निवळली. त्यानंतर सहाच दिवसांनी राजवाड्यात गोळी लागून त्याचा मृत्यू झाला. धाकटा भाऊ भूमिबोल पुढे ७० वर्षं राज्यावर होता. जुन्या दुकानांत या दोघांच्या फोटोंना हार दिसले तर त्यामागे हेही आहे.

साम्फेंगला मधोमध छेदणारी एक आडवी गल्ली लागेल, सोय इसरानुफाप. तिथे वळाच. याच भागात जुना बाजार आणि नवा बाजार या दोन मंडया आहेत. ‘नवा’ही शंभरीच्या घरातला. वाळवलेली मश्रूम, कमळाच्या बिया, खारवलेली बदकं, समुद्रकाकड्या, माशांच्या आतड्यांपर्यंत सगळं. वास सहन होत नसेल तर पटकन पुढे निघा, नाक धरून उभं राहू नका. ते दुकानदाराला दिसतं. मासळीबाजारात वाढलेल्या माणसाला इथे तासभर कमी पडेल. बाजार सकाळीच खरा असतो. इथेच आत, बोळाच्या टोकाशी, लेंग बुआय इया हे तेओचिवांचं छोटं देऊळ दडलेलं आहे. वस्तीतल्या सर्वांत जुन्या चिनी देवळांत ते मोजलं जातं.

साम्फेंगच्या वाटेने पश्चिमेकडे गेलात की वाट चक्रावात येतं आणि १७८२ची जमीन संपते. इथल्या हौदात मगरी पाळलेल्या आहेत. मुलं बरोबर असतील तर हा सकाळचा सर्वोत्तम भाग ठरेल, तुम्ही सांगितलेला इतिहास कुणी लक्षात ठेवणार नाही. आणखी थोडं पुढे, कालवा ओलांडला की फाहुरात, म्हणजे भारतीय कापडबाजार. सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा लांबून दिसतो. आसपासच्या बोळांत पंजाबी आणि गुजराती जेवण मिळतं. शाकाहारी माणसाने सकाळची फेरी इथेच संपवावी, असा माझा आग्रह आहे. पोटात पोळी-भाजी गेली की संध्याकाळी उगाच धास्ती राहत नाही. जवळचं मेट्रो स्टेशन साम योत.

दुसरी फेरी दुपारी साडेतीनला सुरू करा. मेट्रोने वाट मांगकोन स्टेशनला उतरा आणि आधी त्याच नावाचं देऊळ पाहा. १८७१ साली स्थापन झालेलं हे चिनी महायान बौद्ध देऊळ चारोन क्रुंगवरच्या एका बोळातून आत आहे. देऊळ संध्याकाळी लवकर बंद होतं, म्हणून हेच पहिलं. दारात चार दिशांचे चार राक्षसी चेहऱ्यांचे रक्षक. उंबरठा उंच आहे. त्याच्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. हे आपल्याला घरूनच माहीत असतं. इथे बूट सहसा घालूनच आत जातात. गाभाऱ्यांत फोटोला मनाई असलेल्या पाट्या आहेत, त्या पाळा. चिनी नववर्षाच्या आसपास इथे मुंगीला शिरायला जागा नसते, कारण चिनी पंचांगाप्रमाणे ज्यांच्या जन्मवर्षाच्या प्राण्याचं चालू वर्षाच्या प्राण्याशी वाकडं आहे, ते ग्रहशांतीसारखा विधी करून घ्यायला येतात.

देवळाच्या आसपासच्या रस्त्यांवर कागदी वस्तूंची दुकानं आहेत. पितरांसाठी जाळायचे कागदी कपडे, बंगले, मोटारी, मोबाइल, सोन्याच्या लगडी. खेळणी समजून विकत घेऊ नका, आणि आणलीत तर कुणा चिनी मित्राच्या मुलाला देऊ नका.

आणखी एक देऊळ लोक हमखास चुकवतात. याओवारातवरच तियान फा रुग्णालय आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भांडखोर पाचही बोलीगटांनी एकत्र येऊन गरिबांसाठी काढलेलं. त्याच्या दाराशी कुआन इम, म्हणजे अवलोकितेश्वराचं चिनी स्त्रीरूप, हिचं ठाणं आहे. तिचे बरेचसे भक्त गोमांस खात नाहीत, त्यामुळे इथल्या कितीतरी गाड्यांवर ते नसतंच. सगळ्याच नव्हे, म्हणून विचारून घ्या.

रस्त्याच्या पूर्व टोकाला वाट त्रायमितमधला सोन्याचा बुद्ध. सुमारे तीन मीटर उंच, साडेपाच टन वजनाची ही सुखोथाई काळातली मूर्ती कित्येक पिढ्या गिलाव्याखाली झाकलेली होती. १९५५ साली हलवताना ती पडली, गिलावा फुटला आणि आतलं सोनं दिसलं. त्याच इमारतीत चिनी वस्तीच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. बोटीतून एक चटई घेऊन आलेल्या माणसापासून गोष्ट सुरू होते आणि ती चांगली सांगितली आहे. सोमवारी संग्रहालय बंद असतं. तसा सोमवार इथे यायला वाईटच, त्या दिवशी रस्त्यावरच्या बऱ्याच खाण्याच्या गाड्याही लागत नाहीत.

याओवारातवरच्या सोन्याच्या पेढ्यांपाशी आपल्या माणसांचे पाय थबकतात, तेव्हा थोडा हिशेब सांगतो. थाई सोनं ९६.५ टक्के शुद्ध, म्हणजे आपल्या २२ कॅरेटच्या ९१.६पेक्षा वरचं. वजन ‘बाट’मध्ये मोजतात, चलनाचं नावही तेच असल्याने गोंधळ होतो. दागिन्यांचा एक बाट म्हणजे १५.१६ ग्रॅम, दहा ग्रॅमच्या तोळ्याने साधारण दीड तोळा. भाव सराफांची संघटना जाहीर करते, तो सगळ्या पेढ्यांवर एकच असतो. फरक पडतो तो घडणावळीत, तेव्हा बोलायचं तर तिच्याबद्दल बोला. पण घेण्याआधी भारतातले सीमाशुल्काचे नियम पाहून ठेवा. दागिन्यांवरची करमुक्त सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यांसाठी आहे, आठवड्याच्या सहलीवरून येणाऱ्यांसाठी नाही. नुसतं पाहायचं असेल तर साम्फेंगजवळची तांग तो कांग ही सर्वांत जुन्या पेढ्यांतली एक, तिची सात मजली जुनी इमारत बाहेरूनही पाहण्यासारखी आहे.

सहा वाजले की फुटपाथवर चुली पेटतात. मांसमच्छी खाणाऱ्यांना सांगण्यासारखं एवढंच की जिथे थाई कुटुंबांची रांग आहे तिथे उभं राहा. मिऱ्यांच्या झणझणीत रश्शातल्या गुंडाळलेल्या शेवयांचा ‘कुआय चाप’ हा इथला खास पदार्थ, पण त्यात डुकराचं मांस आणि आतडी असतात. कोकणातल्यांनी अंड्यात परतलेली कालवं चुकवू नयेत. शार्कच्या परांचं सूप विकणारी मोठी हॉटेलं अजून आहेत, तिथे जाऊ नका. पर कापून मासा समुद्रात परत फेकण्याचा हा धंदा गिऱ्हाइकांवरच चालतो, आणि चव असते ती रश्शाची.

शाकाहाऱ्यांसाठी एकच अक्षर पुरेसं आहे. पिवळ्या पाटीवर लाल रंगात, इंग्रजीतल्या सतरा आकड्यासारखं दिसणारं. उच्चार ‘जे’. ही पाटी असलेल्या ठिकाणी मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या किंवा जैन वाचकांना यापेक्षा सोयीचं दुसरं काही मिळणार नाही. नुसतं ‘व्हेज’ म्हणालात तर भाज्या दिसतील, पण फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस आत असेल, कारण विकणाऱ्याच्या लेखी ते मांस नाही. ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे फिश सॉस घालू नका, एवढं पाठ करा. बिनघोर खाण्यासारखं म्हणजे भाजलेले चेस्टनट, डाळिंबाचा रस आणि आल्याच्या गरम पाण्यात सोडलेल्या, काळ्या तिळाचं सारण भरलेल्या तांदळाच्या गोळ्या. शेवटच्या पदार्थासाठी मी मुद्दाम वाकडी वाट करून जाईन.

पैसे सुटे आणि रोख ठेवा. टुकटुकवाला ‘देऊळ आज बंद आहे, दुसरीकडे नेतो’ म्हणाला तर मान हलवून चालू लागा. आणि ‘नाना’ नावाचा गोंधळ टाळा. इथल्या सोय नानामध्ये जुन्या दुकानघरांत नवे बार आहेत. सुखुमवितवरचं नाना हे वेगळंच प्रकरण आहे, तिथे टॅक्सीने पोचलात तर घरच्यांना समजावणं अवघड जाईल.

कधी जावं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. चिनी नववर्षाला रोषणाई असते, पण ऐन दिवशी पुष्कळ दुकानं बंद आणि रस्त्यावर चालता येत नाही. माझं मत विचाराल तर शाकाहाराच्या उत्सवात जा. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस सगळं याओवारात पिवळ्या झेंड्यांनी भरतं आणि एरवी मांस विकणाऱ्या गाड्याही ‘जे’ होतात. हे नऊ दिवस बहुतेक वर्षी आपल्या शारदीय नवरात्रावरच येतात. २०२३ आणि २०२४ मध्ये दोन्ही एकाच वेळी होते. २०२५ मध्ये मात्र चिनी पंचांगात अधिक महिना आला आणि आपल्याकडे तो नव्हता, त्यामुळे नवरात्र २२ सप्टेंबरला बसलं आणि तिकडचा उत्सव त्यानंतर महिन्याभराने सुरू झाला. तेव्हा विमानाची तिकिटं कालनिर्णय बघून काढू नका, चिनी तारखा पाहून काढा.